तुम्ही विचारलंत म्हणून: निमूट राहिलेलं स्वस्त पडतं का?

युद्धांच्या इतिहासावर बोललो की शेवटी कुणीतरी हमखास विचारतं, "सर, समोरचा एवढा बलाढ्य असताना माणसं मारून घेण्यापेक्षा मान तुकवलेली काय वाईट? जीव तरी वाचतात." विचारणारा भित्रा आहे असं मला कधी वाटत नाही. हिशेब न मांडता 'प्राण द्या' म्हणणाऱ्यांचीच मला जास्त धास्ती वाटते. प्राण बहुधा दुसऱ्याचे असतात.

तर हिशेबच मांडू. १९३९च्या शरद ऋतूत स्टालिननं बाल्टिक समुद्राच्या दोन काठांवरच्या एस्टोनिया आणि फिनलंड या देशांकडे लष्करी तळांसाठी जागा मागितली. एस्टोनियानं २८ सप्टेंबरला सही केली आणि २५,००० सोव्हिएत सैनिकांना देशात येऊ दिलं. फिनलंडनं नकार दिला आणि ३० नोव्हेंबरला त्याच्यावर हल्ला झाला. साडेतीन महिन्यांत जेमतेम ३७ लाखांच्या त्या देशाचे सुमारे २५,००० लोक गेले, सुमारे दहावा हिस्सा भूमी गेली, चार लाखांवर माणसं घरदार सोडून निघाली. लग्नातली सोन्याची अंगठी संरक्षणासाठी देऊन बोटात लोखंडी घालणाऱ्या बायका याच काळातल्या. मार्च १९४०मध्ये कुणी दोन्ही देशांची जमाखर्चाची वही पाहिली असती, तर एस्टोनियाच शहाणा ठरला असता.

पण वही तिथं मिटत नाही. जूनमध्ये एस्टोनिया पूर्ण ताब्यात गेला, ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघात विलीन झाला. राष्ट्राध्यक्ष कॉन्स्टँटिन पॅट्स पुढ्यात येतील त्या कागदांवर सह्या करत राहिले, तरी जुलैअखेर त्यांनाही रशियात नेलंच. १९५६ साली तिथल्या एका मनोरुग्णालयात ते वारले. १४ जून १९४१ला साधारण दहा हजार लोकांना घरांतून उचललं. सामान घरटी १०० किलोपर्यंत, तेही हुकमात लिहिलेलं. स्टेशनवर पुरुष वेगळ्या डब्यात, बायका-मुलं वेगळ्या. त्यांची रवानगी छावण्यांत, यांची सायबेरियात. मार्च १९४९मध्ये पुन्हा वीस हजारांवर माणसं नेली. तेव्हा तर कुठलं युद्धही चालू नव्हतं.

आणि लढाई तरी टळली का? एस्टोनियन पोरं आधी सोव्हिएत सैन्यात भरती झाली, मग जर्मन आले तेव्हा जर्मनांच्या. सप्टेंबर १९४४मध्ये पोर्कुनी गावाजवळ दोन्ही बाजूंनी एस्टोनियनच एकमेकांवर गोळ्या झाडत होते. माझं उत्तर इथं आहे. मान तुकवल्यानं माणसं मरायची थांबत नाहीत. कुणी, कुठं, कुणासाठी मरायचं हे ठरवणारा मात्र बदलतो.

फिनलंडला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. १९४१मध्ये तो हिटलरच्या जर्मनीसोबत पुन्हा युद्धात उतरला आणि आणखी साठ हजारांच्या आसपास सैनिक गमावून बसला. १९४४च्या तहानंतर ३० कोटी डॉलरची भरपाई जहाजं आणि यंत्रं देऊन १९५२पर्यंत फेडली. पुढची कित्येक दशकं वर्तमानपत्रं मॉस्कोला काय वाटेल हे पाहून लिहीत. याला कुणी अर्धं स्वातंत्र्य म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण निवडणुका होत राहिल्या आणि रात्री कुणी दार ठोठावून १०० किलो सामान बांधायला सांगितलं नाही.

ओझं अजून उतरलेलं नाही. तिथं पुरुषांना आजही सक्तीची लष्करी सेवा आहे. ठरावीक क्षेत्रफळापेक्षा मोठी इमारत बांधली की युद्धकाळात आसरा घ्यायला निवारा बांधावाच लागतो. त्याचा खर्च घर घेणाऱ्याच्याच डोक्यावर. हेलसिंकीत इटाकेस्कुस भागात खडकाच्या पोटात पोहण्याचा तलाव आहे. एरवी तिथं मुलं डुंबतात. वेळ आलीच तर पाणी काढून तिथं हजारो माणसं राहतील अशी सोय आहे. स्वातंत्र्य राखणं म्हणजे बव्हंशी असला कंटाळवाणा खर्च असतो. त्यावर पोवाडे कोण रचणार! पण तो किती करायचा यावर भांडता येतं, मतदान करता येतं. छावणीत जाणाऱ्याला ती सोय नव्हती.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "मग एस्टोनियानं चूक केली?" तसं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लोकसंख्या अकरा लाख, पाठीशी कुणी नाही. लढले असते तरी टिकले असते असं छातीठोकपणे कोण सांगेल? आणि तह फिनलंडनंही दोनदा केलाच. भूमी दिली, पैसा दिला, राजधानीजवळचं पोर्काला तळासाठी दिलं. फक्त राज्य कुणी करायचं हा निर्णय दिला नाही. पोर्काला १९५६मध्ये परत मिळालं. एस्टोनियातून शेवटचं रशियन सैन्य हललं ते ३१ ऑगस्ट १९९४ला, स्वातंत्र्य परत मिळून तीन वर्षं झाल्यावर.