तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाईल जवळ असताना अभ्यास होतो का?

सदाशिव पेठेत अभ्यासिका चालवतो म्हटलं की पालक हमखास विचारतात, "दादा, तुमच्याकडे पोरं मोबाईल बाजूला ठेवतात का हो?" तर नाही ठेवत. ठेवणार कशी, अख्खी राज्यसेवेची, म्हणजे एमपीएससीच्या परीक्षेची, तयारी त्या मोबाईलमध्येच आहे ना. लेक्चर यूट्यूबवर, चालू घडामोडींच्या पीडीएफ टेलिग्रामवर, आयोगाचं पत्रक आलं की त्याचा स्क्रीनशॉट पण तिथेच आणि रात्री आईचा फोन येतो तो पण त्याच्यावरच. त्यामुळे साधा डबडा फोन घे वगैरे सल्ले थोडे दिवस टिकतात, मग पोरगं शेजारच्याचा मोबाईल मागायला लागतं.

मला विचाराल तर रील्सपेक्षा जास्त वेळ अभ्यासाच्या नावाखालीच जातो. रील बघताना निदान मनाला खात तरी असतं. पण राज्यघटना वाचताना कुठेतरी अडलं म्हणून मोबाईल उचलला, तिथे टेलिग्रामवर 'अतिमहत्त्वाच्या नोट्स' येऊन पडलेल्या, त्या डाउनलोड केल्या, खाली कुणीतरी कटऑफवरून भांडतंय ते वाचलं, मग जागा वाढणार का यावर एक व्हिडिओ, आणि अर्ध्या तासाने पोरगं परत पुस्तकात येतं पण डोक्यात कटऑफच. सोफी लेरॉय नावाच्या संशोधक बाईंनी २००९ साली यावर पेपर लिहिलाय, एक काम अर्धवट सोडून दुसरं हातात घेतलं की डोकं थोडंफार पहिल्यातच अडकून राहतं. आमच्याकडे रोज दिसतं हे, तासभर तेच पान उघडं आणि हायलायटर टोपण काढून नुसता हातात.

ज्यांचं बऱ्यापैकी जमतं ती पोरं शोधायचं काम आणि वाचायचं काम एका वेळी करत नाहीत. अडलं की वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवायचं, '४४ वी घटनादुरुस्ती, मालमत्तेचा हक्क कुठे गेला?' असं, आणि पुढे वाचत राहायचं. संध्याकाळी चहा झाला की मोबाईल घेऊन सगळ्या शंका एकदम निपटायच्या, त्यातल्या बऱ्याच तोवर पुढच्या पानांत सुटलेल्या पण असतात. पीडीएफ असेल तर सरळ झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून स्पायरल मारून घेतात. पैसे जातात, मान्य आहे, मेसचं बिल भरताना पोरं कुरकुरतात पण, तरी मला तो खर्च वाया गेलेला वाटत नाही. त्यात २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीये, उत्तरं सविस्तर लिहायची, म्हणजे तासनतास कागदावर हाताने लिहायची सवय हवीच.

दुसरं म्हणजे एकट्याने मोबाईल बंद करणं फार अवघड जातं, बाहेर काहीतरी चाललंय आणि आपल्यालाच कळत नाहीये असं वाटत राहतं. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाईल बंद. मला वाटतं ते जमलं कारण त्या वेळात कुणाचाच मेसेज येणार नसतो, मग बघायचं काय. आमच्याकडे भोंगा नाही, पण खिडकीजवळच्या रांगेतल्या काही मुली सकाळी आल्या आल्या आपापले मोबाईल एका कापडी पिशवीत टाकून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि चहाच्या सुट्टीत घेऊन जातात. त्यांचं त्यांनीच ठरवलंय. सगळ्यांना हा नियम लावा असं पालक म्हणतात, पण ते मी करणार नाही, नियम केला की ड्रॉवरमध्ये जुना फुटक्या स्क्रीनचा हँडसेट जमा होतो आणि चालू मोबाईल बॅगेतच राहतो.