डब्यातलं कोणाला दिसतं?

श्रावणात देवगड तालुक्यात आमच्या इंटरनेट कंपनीकडे तक्रारी येतात त्या बहुतेक दोनच. झाड पडून फायबर तुटली, नाहीतर वानरांनी केबल चावली. कुणकेश्वरच्या अलीकडच्या त्या घरी गेलो तर वायफायच्या डब्यावरचा लॉसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा बंद, पॉवर व्यवस्थित, स्पीडही पुरेसा. मग बोलावलं कशाला?

काकांनी मला पडवीत बसवलं, आत एकदा नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "महिनो संपाच्या आधी स्पीड पडता. राती उठलंय मगे बघलंय, डब्यार दिवे नुसते नाचतत. कोण बघता, काय बघता, माका सगळां बघूक होया."

घरात सून आणि बारावीतली नात. माडीवर होमस्टेच्या दोन खोल्या, त्यात श्रावणी सोमवारसाठी आलेले पाहुणे. मुलगा मुंबईत. संशय कोणावर ते त्यांनी सांगितलं नाही, पण सूनबाई चहा घेऊन आल्या तेव्हा काका एकदम पावसाबद्दल बोलायला लागले, त्यावरून मी काय ते समजलो.

आमच्या कंपनीच्या साध्या डब्यात कुठली साईट कोणी उघडली याची यादी नसते. काकांना तसं सांगून मी सुटलो असतो. पण त्या डब्याच्या मागे दुसरा, चार अँटेनांचा राऊटर होता. मुलाने मुंबईहून पाठवलेला. असे राऊटर मोबाइलच्या ॲपवरून चालतात, आणि ते ॲप ज्याच्या नावावर, तो खरा मालक. काकांनी मुलाला फोन लावला. पलीकडून "कशाला हवंय?" वगैरे झालं, मग ओटीपी आला.

ॲप उघडलं आणि मी थोडा थांबलोच. हिस्टरी आधीपासून चालू होती. घरातल्या प्रत्येक फोनची, गेल्या कित्येक आठवड्यांची. नवीन फोन वायफायला जोडला की मुंबईत सूचना जाणार, तीही चालू. काकांच्या फोनची ओळ तर सगळ्यात लांब होती. पहाटे चारपासून रमी.

"ह्यां त्येका थंय दिसता?" काकांनी विचारलं. मी हो म्हटलं. मुलगा फोनवरच होता. म्हणाला, सेटअप करताना चुकून राहिलं असेल. असेलही. नवीन राऊटर लावताना आपण सगळेच 'पुढे, पुढे' दाबत जातो.

दिव्यांचं कोडं दोन मिनिटांत सुटलं. अपलोडच्या रकान्यात एकच आकडा सारखा वर चढत होता, तो अंगणातल्या कॅमेऱ्यांचा. दोन कॅमेरे रात्रंदिवस रेकॉर्डिंग क्लाउडवर पाठवत होते, महिन्याचा डेटा त्यातच लवकर संपायचा. पाऊस पडला, माडाची झावळ हलली, की नवीन क्लिप. हालचालीची संवेदनशीलता कमी केली, रेकॉर्डिंगची क्वालिटी एक पायरी उतरवली. माझ्या दृष्टीने काम संपलं होतं.

पण काकांची नजर यादीवरच. "ही नोकरेची साईट कोण बघता रे? राती पावणेदोनाक?"

आता वहिनी, म्हणजे काकांच्या सूनबाई, दारात उभ्या होत्या. मी काकांना म्हटलं, यावरून कोण ते सांगता येत नाही, आणि ते टाळण्यासाठी म्हणत नव्हतो. त्या ओळीसमोर नुसतं 'अँड्रॉइड' लिहिलं होतं. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून बऱ्याच फोनमध्ये वायफायला खरा मॅक ॲड्रेस (फोनचा ओळखक्रमांक) न देता बनावट देण्याची सोय आली, आयफोनमध्ये २०२० साली. तो फोन माडीवरच्या पाहुण्याचाही असेल. शिवाय यादीत आलेलं प्रत्येक नाव माणसाने उघडलेलंच असतं असं नाही. ॲप रात्री आपोआप जागं होतं, जाहिरातीतून डझनभर नावं मागून येतात. आणि दिसतं ते साईटचं नाव. एसटीची पाटी वाचून गाडी कुठे चाललीय ते कळतं, आत बसलेला कशासाठी चाललाय ते कळत नाही. नेमकी इथेच माणसं उरलेली गोष्ट मनाने रचतात. माझ्या मते यादीचा खरा धोका तो.

नातीने मध्येच विचारलं, इन्कॉग्निटोमध्ये तर दिसत नाही ना? दिसतं. त्याने फक्त त्या फोनवर हिस्टरी राहत नाही, राऊटरला काही फरक पडत नाही. तिचा चेहरा उतरला.

काकांचं म्हणणं, घर माझां, बिल माझां. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, हे मी त्यांना पडवीत बसून ऐकवणार नव्हतो. २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही माणसाच्या निव्वळ घरगुती वापराला लागू नाही. पण माडीवरचे पाहुणे पैसे मोजून राहतात. त्यांच्या फोनची यादी ठेवून उद्या भांडण झालं तर 'घरगुती' म्हणून सुटाल असं मला वाटत नाही, एवढं बोललो. ते मात्र त्यांना पटलं. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं केलं, पासवर्ड वेगळा. हिस्टरी बंद करून जुनी यादी पुसली. नातीच्या फोनला रात्री अकरानंतर नेट बंद, तेही तिच्यासमोर, तिच्याशी घासाघीस करून. ती साडेअकरावर आली.

हे सगळं झाल्यावर वहिनींनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "आणि भाऊ, तुम्हाला ऑफिसातून काय दिसतं?"

हा प्रश्न मला सहसा कोणी विचारत नाही. सांगितलं, आमच्या डब्याला आम्ही दुरून हात लावू शकतो. तो रीस्टार्ट करता येतो, सेटिंग बदलता येतं. फोनमधला डीएनएस (साईटचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलला नसेल, तर साईटचं नाव शोधायची चौकशी आमच्या सर्व्हरवरून जाते. बसून कोणी वाचत नाही, पण वाचता येणारच नाही असं नाही.

"त्यावर उपाय?"

अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये 'खाजगी डीएनएस' आहे. ते लावलं की ती चौकशी कुलूपबंद जाते. सगळंच झाकलं जात नाही, साईटशी जोडणी करतानाही बहुतेक वेळा तिचं नाव उघडं जातं, पण सरळ यादी बनवणं अवघड होतं. वहिनींनी आपला फोन पुढे केला.

तेवढ्यात मध्ये काकांचा हात आला, चष्म्यासकट. "थांब गो. तां खाजगी काय ता, पयलां माज्या फोनार घाल."