आठव्या फेरीतला अमोनिया

मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली की माझं संशोधन सुरू होतं. दुर्बीण चिलीत, डेटा युरोपच्या अर्काइव्हमधून फुकट, आणि मी धरमपेठेत कुलरसमोर. ‘नागपुरातून ग्रह दिसतात का?’ या प्रश्नाला मी आता उत्तर देत नाही.

एचडी 209458 बी हा सूर्यमालेबाहेरचा ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो त्या तीनेक तासांत आधी सेकंदाला सुमारे 15 किमी वेगाने आपल्याकडे येतो, शेवटी तितक्याच वेगाने दूर जातो. त्याच्या हवेतल्या रेणूंच्या रेषा ताऱ्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात सरकतात. ताऱ्याच्या आणि आपल्या हवेतल्या बाष्पाच्या जवळपास जागीच असतात. सगळी विद्या या फरकावर. एकेक रेषा गोंगाटात बुडालेली असते, पण शेकडो रेषांचा साचा डेटावरून सरकवला की बेरीज डोकं वर काढते. नेदरलँड्सचे खगोलशास्त्रज्ञ स्नेलेन यांच्या गटाने 2010 मध्ये इथला कार्बन मोनॉक्साइड असाच पकडला.

न हलणारं काढायला सिसरेमच्या, म्हणजे डेटातलं सामायिक ते वजा करत जाणाऱ्या गणिती पद्धतीच्या, फेऱ्या मारतात. कमी मारल्या तर पृथ्वीचं बाष्प उरतं, जास्त मारल्या तर डागाबरोबर कापडावरचा छापही उडावा तसा ग्रहही धुतला जातो. किती मारायच्या, हे पेपरात एका ओळीत उरकतात. मला तिथेच राग येतो.

त्या दुपारी आठव्या फेरीनंतर अमोनियाचा उंचवटा दिसला, जवळपास ग्रहाच्याच वेगावर. सिग्नल गोंगाटाच्या साडेचारपट. सहाव्या फेरीत तो इतका ठळक नव्हता, अकराव्यात गायब. पुण्याच्या सहकाऱ्यांचा फोन आला, “सर, आठच ठेवा. 2021 मध्ये याच ग्रहावर सहा रेणू सापडलेत, त्यात अमोनिया आहेच. पेपर तपासणारा रेफरी काय म्हणणार?”

माणूस हुशार, पण घाई फार. हवं ते दिसेपर्यंत फेऱ्या मोजायच्या, तर अमोनिया कशाला, काहीही सापडेल. मी डेटात ग्रहाचा नसलेल्या, वेगळ्याच वेगावर खोटा अमोनिया पेरला आणि तो सर्वांत ठळक कुठे येतो ते पाहिलं. पाचव्या फेरीत. तिथे खरा उंचवटा जेमतेम तीनपट.

सगळ्या फेऱ्यांचा तक्ता त्यांना पाठवलाय. उत्तर नाही.

तीनपटीवर कोणी दावा करत नाही, मीही करणार नाही. पण तो उंचवटा किंचित निळ्याकडे, म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या वेगाकडे, सरकलेला आहे, दिवसाकडून रात्रीकडे वाहणाऱ्या वाऱ्याने सरकावा तसा. योगायोगाला वाऱ्याची दिशा कशी कळली? दुसऱ्या एका रात्रीचा डेटा उतरवायला लावलाय. या वेळी फेऱ्यांचा आकडा खऱ्या उंचवट्याकडे बघण्याआधीच ठरेल.