चौदा ग्रॅमची खोली

दोनशेवीस जीएसएमचा (चौरस मीटरला तितके ग्रॅम) ए-फोर कागद साधारण चौदा ग्रॅम भरतो. त्यातून आमच्या खेळातली वीस फूट बाय वीस फुटांची एक दगडी खोली निघते. शेवाळलेल्या फरशा, भिंतीत ठोकलेली लोखंडी कडी, कोपऱ्यात उंदरांनी कुरतडलेलं पोतं, सगळं धरून. कोपरे छाटले की वजन आणखी उतरतं. अधूनमधून एखाद्या शनिवारी आमच्या डायनिंग टेबलावर अशा खोल्यांची रांग लागते, मधे बोळ, एखादा जिना, आणि तेवढा वेळ पंखा बंद ठेवावा लागतो. मे महिन्यात हे फार जाचक आहे, पण इलाज नाही. पंखा दोनवर गेला तरी अंधारकोठडीची भिंत उठते आणि चटणीच्या वाटीत जाऊन पडते.

खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. खेळलेला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: एकजण गोष्ट चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात, आमच्या घरी ती मी. बाकीचे गोष्टीतली एकेक पात्रं. ‘दार ढकलून बघतो,’ असं त्यांनी म्हणायचं, ढकलणं कितपत जमलं हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं आणि आत काय आहे ते मी सांगायचं. ह्यासाठी टेबलावर काही मांडलेलं असलंच पाहिजे असं मुळीच नाही. कितीतरी लोक नुसत्या बोलण्यावर खेळतात आणि उत्तम खेळतात. तरी काहीतरी मांडावं, बोट ठेवायला जागा असावी, ही हौस ह्या खेळाला जन्मापासूनच आहे.

जन्म अमेरिकेतला. मिनेसोटात डेव्ह आर्नेसन नावाचा तरुण मित्रांना जमवून टेबलावर लढाया खेळायचा. १९७१ च्या सुमाराला त्याने टेबलावर प्लॅस्टिकचा एक मध्ययुगीन किल्ला ठेवला आणि मित्रांना त्या किल्ल्याच्या पोटातल्या भुयारांत उतरवलं. किल्ला प्लॅस्टिकचा होता, भुयारं मात्र कागदावर आखलेली होती. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये, लेक जिनिव्हा नावाच्या गावी, गॅरी गायगॅक्सच्या घराच्या तळघरात वाळू भरलेलं टेबल होतं, त्यावर टेकड्या उठायच्या. ह्या दोघांनी मिळून १९७४ साली खेळ बाजारात आणला. एक खोका, त्यात तीन पुस्तिका, पहिल्या खेपेला हजार प्रती. त्यातले पुढे गाजलेले काही राक्षस कुठून आले तर हाँगकाँगहून यायच्या त्या स्वस्त प्लॅस्टिकच्या प्राण्यांच्या पुडीतून. घुबडाच्या तोंडाचं अस्वल त्यातलंच, आणि चिलखत गंजवून खाणारा रस्ट मॉन्स्टरही. पन्नास वर्षं शूरवीरांना रडवणारा प्राणी मुळात पुडीतला! त्यामुळे कोणी नाक मुरडून ‘कागदाचं काय करता’ असं म्हटलं की मी ही हकिकत ऐकवते. ह्या घराण्यात स्वस्त माल पहिल्या पिढीपासून चालत आलेला आहे.

कागदी भुयाराचा सगळा संसार एका मापावर उभा असतो: एक इंच म्हणजे पाच फूट. प्रत्येक फरशीवर इंचाचे चौकोन आखलेले, एका चौकोनात एक माणूस. आमचं टेबल पाच फूट बाय तीन फूट, म्हणजे गोष्टीत तीनशे फूट बाय एकशेऐंशी. ऐकायला ऐसपैस वाटतं, पण पुस्तकातल्या नकाशात दोनशे फुटांचा बोळ सहज काढलेला असतो, तो मांडायचा तर चाळीस इंच गेले आणि जेवणाची ताटं मांडीवर आली. पात्रंही कागदाचीच, पुढूनमागून छापलेली, मधे दुमडून चिकटवलेली. ती उभी राहावीत म्हणून खाली नाणं चिकटवायचं. २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं बरोब्बर पंचवीस मिलिमीटरचं आहे, इंचाला केसभर कमी. टांकसाळीत कोणीतरी चोरून हा खेळ खेळत असावं असा मला दाट संशय आहे. २०१९ च्या मालिकेत दोनाचं नाणं तेवीसवर आलं आणि पंचवीसचा मान पाचाच्या नाण्याला गेला, म्हणजे महागाई आमच्या भुयारातही शिरली.

दिवाळीत सोसायटीतली पोरं किल्ला करतात. त्यात महाराज सिंहासनासकट बुरुजाहून उंच असतात, तोफेपेक्षा तोफेजवळचा मावळा मोठा, आणि खाली पेरलेली मोहरी वाढून दरवाजा झाकून टाकते. कोणालाच ते खटकत नाही आणि खटकूही नये, कारण तो किल्ला बघायचा असतो. आमच्या किल्ल्यात मात्र इंचाइंचावर जीव टांगलेला असतो. राक्षसाचा भाला दहा फूट पोचतो म्हटलं की दोन चौकोन. तिसऱ्या चौकोनात जो उभा आहे तो वाचला. मग त्या रेषेवरून जे वाद होतात ते बांधावरून भावाभावांत होत नसतील.

म्हणूनच छपाईच्या दुकानात जीव वरखाली होतो. ह्या खोल्या पीडीएफमध्ये विकत मिळतात. फॅट ड्रॅगन गेम्स, डेव्ह ग्रॅफम मॉडेल्स अशी मंडळी त्या आखतात, आपण एकदा पैसे भरायचे आणि हवी तितकी छापायची. ग्रॅफमच्या फायलींत तर थर असतात, दगड हवा की लाकूड, खिडकी की कोरी भिंत, हे टिचकी मारून ठरवता येतं. पण पुष्कळ पानं अमेरिकन लेटर मापाची, साडेआठ बाय अकरा इंच, आणि आपला ए-फोर त्याहून किंचित अरुंद आणि उंच. दुकानदाराचा हात सवयीने ‘फिट’वर जातो, पान सत्त्याण्णव टक्क्यांवर येतं, आणि दहा चौकोनांमागे सात मिलिमीटर गायब होतात. एक खोली अशी आणि दुसरी पूर्ण मापाची निघाली की दाराला दार लागत नाही.

“दादा, हंड्रेड पर्सेंट ठेवा. अ‍ॅक्च्युअल साइझ.”

“मॅडम, कडेचं कटेल. फिट करून देतो ना, मस्त येईल.”

“कटू दे.”

त्याने प्रिंट हातात धरून उलटसुलट पाहिली. “मुलाचा प्रोजेक्ट आहे का?”

मी हो म्हणते. मला मूलबाळ नाही, पण ‘तुरुंगाच्या खालचा मजला आहे, इथे एक शापित पुजारी राहतो’ हे माझ्यामागे आधार कार्डाच्या झेरॉक्ससाठी उभ्या असलेल्या आजोबांसमोर सांगणं जमत नाही.

लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकात खेळण्यातल्या नाट्यगृहांचे छापील कागद मिळत. पात्रं, पडदे, विंगा कापायच्या, पुठ्ठ्यावर चिकटवायच्या आणि घरात नाटक लावायचं. साधा कागद एका पेनीला, रंगवलेला दोन पेनींना. आमच्या कोपऱ्यावर काळा-पांढरा आणि रंगीत ह्यांच्या दरातलं अंतर दुपटीवर भागत नाही, म्हणून मी मधला मार्ग काढलाय: राखाडी कार्डशीट विकत आणायची आणि तिच्यावर काळा-पांढरा प्रिंट मारायचा. दगड मुळातच राखाडी असतो. शेवाळ्यापुरती हिरवी रंगपेन्सिल हाताने फिरवायची. खरं सांगायचं तर छापील शेवाळ्यापेक्षा हे बरं दिसतं, कारण छापील शेवाळं प्रत्येक खोलीत त्याच फटीत उगवतं.

मग कापाकापी. दुमडायच्या रेघेवरून आधी पट्टी लावून संपलेली रिफिल फिरवायची. कागदाला नुसती खूण पडली पाहिजे, तो फाटता कामा नये. ही पायरी गाळली की घडी वाकडी जाते आणि जाड कागदावरचा लेझर प्रिंट घडीवर तडकतो, पांढरी रेघ उमटते. कटरचं पातं नवं हवं. जुनं पातं कागद कापत नाही, ओरबाडतं. फेविकॉल बोटाने पातळ पसरायचा, कारण त्यातलं पाणी कागद पितो आणि भिंत पोट काढून उभी राहते. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला बाई ‘कमी लावा, कमी लावा’ म्हणून ओरडायच्या त्या ह्याचसाठी. शेवटी स्केचपेन. कापलेल्या कागदाची कड पांढरी राहते, आणि भुयार कितीही भयंकर असलं तरी ती अर्ध्या मिलिमीटरची पांढरी कड डोळ्यांत भरते. राखाडी कार्डशीटला हा त्रास कमी, पण दारं आणि पेटारे पांढऱ्या कागदावर छापलेले असतात. तिथे तपकिरी स्केचपेन आडवं धरून कडेवरून ओढायचं. एवढ्याने कागदाचं लाकूड होतं. हा सगळ्यात छोटा उद्योग आहे आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. पावसाळ्यात मात्र सगळंच सादळतं. जुलैमध्ये माझ्या भिंती माना टाकतात, आणि तेव्हा मी मंडळींना उघड्या रानात, दलदलीत वगैरे पाठवते. दलदलीला भिंती लागत नाहीत.

ह्या खोल्यांत एक गंमत आहे, ती एकदा दिसली की दिसतच राहते. दगडांच्या सावल्या छापलेल्या असतात. चित्र काढणाऱ्याने उजेड डावीकडून वरून येतो असं धरून प्रत्येक फटीत काळं भरलेलं असतं. खोली जशीच्या तशी ठेवली तर ठीक, पण ती टेबलावर बसवायला फिरवावी लागते, आणि खोली फिरली की तिचा उजेडही फिरतो. चार खोल्या चार दिशांना जोडल्या की चारही ठिकाणच्या सावल्या आपापल्या मताने पडतात, वर टेबलावरचा ट्यूबलाइट पाचव्या मताचा. गोष्टीत तर तिथे मिट्ट काळोख आहे आणि जादूगाराच्या हातात एकच मशाल. कोणालाही ह्याची अडचण होत नाही.

पैसेवाल्यांसाठी रेझिनच्या खोल्या असतात. ड्वार्व्हन फोर्ज ह्या अमेरिकन कंपनीने १९९६ पासून त्या करायला घेतल्या. हाताने कोरलेल्या मूळ नमुन्यावरून ओतलेल्या, वजनदार, दगडागणिक वेगळा खडबडीतपणा. एका ओळखीच्यांकडे त्या मांडलेल्या पाहिल्या, आणि खेळलेही. देखण्या आहेत, वाद नाही. पण अर्धा वेळ सगळे वाकून बघत होते. फोटो निघाले. चहाचा कप कुठे ठेवायचा ह्यावर चर्चा झाली. कागदाच्या खोलीकडे कोणी फार वेळ बघत नाही. एक नजर टाकतात, दार इथे, खांब तिथे, बरं, आणि पुढच्या मिनिटाला आपापल्या डोक्यातल्या खोलीत शिरतात. मला तेच हवं असतं. कागद पुरेसा खोटा आहे. बाकीचं ज्याचं त्याने भरायचं, आणि ते भरतात. फरशीवर मी न छापलेली रक्ताची थारोळी त्यांनीच एकमेकांना वर्णन करून सांगितलेली आहेत.

कधीकधी मात्र हात जरा जास्तच चालतो. परवा एका दाराला मी कागदाचीच बिजागरी केली, बारीक पट्टी गुंडाळून, आत टाचणी घालून. दार खरंच उघडायचं. त्या बोळात आणखीही दारं होती, नुसती भिंतीवर छापलेली. नियमाप्रमाणे कुठल्या दारामागे काय आहे हे खेळणाऱ्यांना कळता कामा नये.

भाच्याने टेबलावर हनुवटी टेकवून, डोळे बारीक करून बोळ न्याहाळला. “मावशी, आपण ह्या दारातून जाणार आहोत.”

“का रे? बाकीची पण आहेत.”

“बाकीच्यांना टाचणी नाहीये.”

दीर म्हणाले, “वहिनी, म्हणजे राक्षस इथेच.” आणि सगळ्यांनी तलवारी उपसल्या.

केलेल्या वस्तूचा हा ओढा असतो. डंजन मास्टरने रात्र जागून पूल केला की नदी पोहून जायला कोणाची टाप नाही, निदान तो मनातून तसं इच्छितो, आणि मग गोष्ट पुलाकडे ढकलायला लागतो. रेझिन घेतलेल्यांना हा मोह आवरणं आणखी कठीण, एवढे पैसे घातलेत तर वापरायला नको? माझी एक खोली मंडळींनी टाळली तर चौदा ग्रॅम कागद आणि एक संध्याकाळ गेली, एवढंच. शिवाय जातेही असं नाही. न उघडलेल्या खोल्या घडी घालून बॉक्स फाइलमध्ये जातात, आणि राजाचं कोठार पुढच्या भुयारात दारूचं गोदाम म्हणून उभं राहतं. पिंपं तीच असतात.

मागच्या खेपेला पुढची सगळी खोल्यांची साखळी उजवीकडे तयार होती आणि डावीकडे नुसती कोरी भिंत. मंडळींनी थोडा वेळ कुजबुज केली.

“डावीकडची भिंत फोडतो,” भाचा म्हणाला. त्याचं पात्र म्हणजे एक बुटका, हातात त्याच्याहून मोठा हातोडा. फासा टाकला: वीस.

वीस म्हणजे फाशावरचा सगळ्यात मोठा आकडा, त्यापुढे काही बोलता येत नाही. मी भिंत दोन बोटांत धरली आणि टर्रकन फाडली. टेबलाभोवती जो आरडाओरडा झाला त्याने शेजारच्या काकू दार वाजवून गेल्या. नवरा, जो एरवी खेळात जादूगार म्हणून एका कोपऱ्यात पेंगत बसतो, तो खडबडून जागा झाला आणि म्हणाला, “थांबा, असं चालत असेल तर मी छत पाडतो.”

“छत नाहीये,” मी म्हटलं. “असतं तर तुम्हाला आतलं दिसलं असतं का?”

“मग इतके दिवस आमच्या डोक्यावर पाणी कुठून ठिबकत होतं?” दिरांनी विचारलं, आणि वही काढून मागची तारीख शोधायला लागले.