मंगल कार्यालयाची वेबसाइट: आधी तारीख, मग बाकी सगळं

लग्न ठरलं की घरात आधी तारखा येतात. पंचांगातून दोन-तीन मुहूर्त निघतात आणि मग कोणीतरी मोबाइल घेऊन कार्यालयं शोधायला बसतं. पुण्यात म्हणजे म्हात्रे पूल ते राजाराम पूल या डीपी रस्त्यावरची लॉन्स, कर्वे रस्त्यावरची कार्यालयं, सिंहगड रस्त्यावरचे हॉल. त्या माणसाला तेव्हा एकच गोष्ट हवी असते, आमच्या तारखेला जागा मोकळी आहे का. वेबसाइट मात्र उघडते सरकत्या फोटोंनी आणि ‘सहर्ष स्वागत’ने. तारखेचा पत्ता नसतो. मग तो मागे जातो आणि पुढचं कार्यालय उघडतो.

निर्णय सोपा करणारी वेबसाइट म्हणजे माझ्या मते एवढंच: जो प्रश्न ज्या क्रमाने पडतो, त्याच क्रमाने त्याचं उत्तर पानावर सापडावं. कार्यालयाच्या बाबतीत तो क्रम ठरलेला आहे. तारीख, माणसं किती मावतात, एकूण खर्च, स्वयंपाक कोणाचा, पोचायचं कसं. फोटो लागतात, पण तारीख जमली तर.

म्हणून पहिल्या पडद्यावर, न सरकवता दिसेल असा तारखेचा चौकोन ठेवा. एक नको, तीन ठेवा. लोक तीन मुहूर्त हातात घेऊन येतात आणि तीनदा वेगवेगळं शोधायला लावलं की दुसऱ्या वेळी कंटाळतात. उत्तर सकाळ आणि संध्याकाळ असं सुटं द्या, कारण एकाच दिवशी सकाळी लग्न आणि संध्याकाळी दुसऱ्याचं रिसेप्शन असतं. नुसता लाल-हिरवा ठिपका चालत नाही. हे रंग वेगळे न ओळखू शकणारे लोक असतात, त्यामुळे ‘मोकळं’, ‘बोलणी चालू’, ‘गेलं’ असे शब्द लिहा.

इथे सगळ्यात जास्त बिघडतं ते तंत्रज्ञानामुळे नाही. खरी नोंद ऑफिसातल्या वहीत असते आणि वेबसाइटवरचं कॅलेंडर दोन महिने जुनं. चार जणांना ‘मोकळं’ दाखवून फोनवर ‘गेलं’ सांगितलं की पानावरच्या दरांवरही विश्वास राहत नाही. मोठी यंत्रणा नको. तारीख, वेळ आणि स्थिती एवढ्या तीन रकान्यांची एक ऑनलाइन शीट करा, वहीत लिहिणाऱ्या माणसानेच ती भरायची आणि पानाने तिथूनच वाचायचं. खाली ‘ही माहिती आज सकाळी १० वाजताची’ अशी ओळ आपोआप येऊ द्या.

माणसांचा आकडा सांगताना ‘क्षमता ८००’ म्हणजे काय ते कळत नाही. खुर्च्या किती, एका पंक्तीत पानं किती, बुफे असेल तर एका वेळी किती जण उभे राहतात, हे तीन आकडे वेगळे लिहा. यजमान घरी याच हिशेबाने मोजत असतात.

दराचं. ‘दरासाठी संपर्क साधा’ ही ओळ मालकाला सोयीची वाटते, पण बघणारा त्याचा अर्थ ‘महाग असणार’ असा लावतो. भाडं, साफसफाई, वीज, जनरेटर, जीएसटी हे सगळं धरून एक आकडा मोठ्या अक्षरात द्या, परत मिळणारी अनामत त्याखाली वेगळी. सुरुवातीला कमी दाखवून शेवटी एकेक रक्कम चढवत नेणं हे ३० नोव्हेंबर २०२३ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही. त्यात असे १३ फसवे प्रकार दिले आहेत आणि ‘फक्त २ तारखा शिल्लक!’ ही खोटी घाईसुद्धा त्यातलीच. खरोखर दोनच उरल्या असतील तर त्या तारखाच लिहा की.

पॅकेज किती ठेवावीत? २०००मध्ये शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी जॅमचा प्रयोग प्रसिद्ध केला. दुकानात टेबलावर जॅमचे २४ प्रकार मांडले तेव्हा तिथे थांबलेल्यांपैकी साधारण ३ टक्क्यांनी घेतला, ६ मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. यावरून ‘पर्याय कमी करा’ असं सरसकट सांगतात, पण २०१०मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. मला यात महत्त्वाचं वाटतं ते फरक दिसण्याचं. ‘सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम’ यातून काही कळत नाही. ‘सकाळी ७ ते दुपारी ४’ आणि ‘आदल्या संध्याकाळपासून, सीमांतपूजनासह’ हे वाचताक्षणी कळतं. अशी नावं दिली तर चार पर्यायही जड होत नाहीत. ‘बहुतेक जण हे घेतात’ असा शिक्का वहीतून मोजून खरा निघाला तरच मारा.

फॉर्ममध्ये तारीख, वेळ, माणसं, मोबाइल. बस. ईमेल सक्तीचा करू नका. एक चूक फार वेळा होते: मराठी कीबोर्डवरून नंबर देवनागरी आकड्यांत टाइप केला की फॉर्म ‘नंबर चुकीचा’ म्हणतो, कारण पानाच्या कोडमधली (जावास्क्रिप्टची) नेहमीची तपासणी फक्त इंग्रजी आकडे ओळखते. ‘नंबर’ प्रकारचा रकाना तर बहुतेकदा हे आकडे घेतच नाही. साधा मजकुराचा रकाना ठेवा, आकड्यांचा कीबोर्ड उघडावा म्हणून त्याला ‘इनपुटमोड न्यूमेरिक’ द्या, आकडे आपल्या बाजूने बदलून घ्या, मधली जागा आणि +९१ काढून टाका. रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली तर आयफोनवर पान आपोआप मोठं होतं आणि बटण पडद्याबाहेर जातं.

बटणावर ‘सबमिट’ नको, ‘तारीख विचारा’ लिहा. उंची ४८ पिक्सेलच्या आसपास, पण ती पक्की न बांधता पॅडिंगने, म्हणजे अक्षरांभोवतीच्या मोकळ्या जागेने, येऊ द्या, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. ओळींतलं अंतर देवनागरीला १.६ तरी लागतं. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. पानाची भाषा मराठी अशी नोंदवा, म्हणजे ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. लग्नाचं म्हणून केशरी बटणावर पांढरी अक्षरं टाकतात, त्यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, जेमतेम २ ला १ भरतो. हवा ४.५ ला १. केशरी ठेवायचाच असेल तर अक्षरं गडद मरून करा.

कॅमेऱ्यातले ५ एमबीचे फोटो तसेच चढवू नका. १६०० पिक्सेल रुंद, वेबपी या हलक्या प्रकारात, २०० केबीच्या आत. प्रत्येकाची रुंदी-उंची कोडमध्ये लिहा, नाहीतर फोटो उशिरा उमटतो, तारखेचा चौकोन खाली सरकतो आणि बोट भलत्याच जागी पडतं. मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा ही गुगलची अपेक्षा आहे. पानात नकाशा बसवण्याऐवजी फाटकावर नेमका टेकणारा दुवा द्या, आणि ‘नळ स्टॉप मेट्रो स्थानकापासून चालत इतकी मिनिटं’ हेही. बाहेरगावच्या पाहुण्यांना ते लागतं.

हा निर्णय एकटं कोणी घेत नाही, आणि बहुतेक वेबसाइट इथेच कमी पडतात. मुलगी बंगळूरूहून शोधते, दुवा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकते, वडील आणि मामा तो उघडतात. त्यांना पहिल्यापासून शोधायला लागू नये म्हणून निवडलेल्या तारखा पानाच्या वेब पत्त्यातच (यूआरएलमध्ये) राहू द्या, म्हणजे दुवा उघडला की तेच उत्तर दिसतं. दुव्यासोबत दिसणारं चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं, शीर्षकात कार्यालयाचं नाव आणि भाग. व्हॉट्सअॅपच्या बटणात संदेश आधीच भरून ठेवा, तारीख आणि माणसांसकट. तो मजकूर एनकोड करायला, म्हणजे दुव्यात चालेल अशा चिन्हांत बदलायला, विसरू नका, नाहीतर ‘अँड’चं चिन्ह (&) आलं की संदेश तिथेच तुटतो.

तपासायला घरातलं साठीच्या पुढचं माणूस बसवा, फोनची अक्षरं त्यांनी वाढवलेली असतील तशीच ठेवून. ‘१४ तारखेला तीनशे पानांचं जमतंय का बघा’ एवढंच सांगा आणि मध्ये बोलू नका. जिथे ते अंगठा थांबवून विचारात पडतील, तिथे उत्तर प्रश्नापासून लांब आहे.

आणि बटण दाबल्यावर येणाऱ्या पानावर नुसतं ‘धन्यवाद’ नको. फोन कोण करणार, किती वाजेपर्यंत, तोवर तारीख राखून ठेवली आहे का, असली तर कधीपर्यंत, हे लिहा. हे कळलं नाही तर माणूस वाट बघत बसत नाही, लगेच शेजारच्या कार्यालयाला फोन लावतो.