फिनॉलच्या बशीतले काळे दाणे

आमच्या गव्हाच्या नव्या वाणाला काळा तांबेरा लागत नव्हता आणि ज्या जुन्या वाणापासून तो काढला त्याला लागत होता. एवढा फरक असूनही इंदूरच्या आमच्या शेतात दोघांचे वाफे शेजारीशेजारी उभे केले की कोणता कुठला ते सांगता येत नसे. उंची तीच, निसवायची वेळ तीच, कुसळं पांढरी, ओंबी तशीच निमुळती. त्यात आश्चर्य नव्हतं. तांबेऱ्याला दाद न देणारा गुण दुसऱ्या एका गव्हातून आणून पुढे पिढ्यान् पिढ्या आम्ही जुन्या वाणाशीच संकर करत आलो होतो. शेतकऱ्याच्या हातात बसलेला गहू बदलायचा नाही, फक्त त्याचं दुखणं काढायचं, हाच हेतू होता.

पण २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने नोंदणी हवी असेल तर नवा वाण आधी माहीत असलेल्या प्रत्येक वाणापासून निदान एका महत्त्वाच्या लक्षणात स्पष्ट वेगळा असावा लागतो. शिवाय तो एकसारखा हवा आणि पुढच्या पिढ्यांत तसाच टिकायला हवा. ज्या वर्षी तांबेरा येत नाही त्या वर्षी आमचे दोन्ही गहू सारखेच. तांबेऱ्याची लागण आपल्याकडे दर हंगामात वाऱ्यावरून नव्याने येते. मैदानातल्या उन्हाळ्यात तो तगत नाही, मध्य भारताला त्याचे बीजाणू निलगिरी-पळणीच्या डोंगरांतून मिळतात, हे आग्र्याच्या प्रा. करमचंद मेहतांनी स्वातंत्र्याच्या आधीच दाखवून दिलं होतं. त्याच्या येण्या-न येण्यावर वाणाची ओळख टेकवता येत नाही.

फेब्रुवारी संपत आला होता. चीक आटून दाणा घट्ट होत होता. सकाळी नाना आणि मी वाफ्यात बसलो. नाना आमच्याकडचे जुने तांत्रिक सहायक, निवृत्तीला आलेले, आणि ओंबी वाचण्यात त्यांचा हात धरणारा आमच्यात कोणी नाही. ओंबीच्या मधल्या भागातलं कणिशक, म्हणजे तुसांतला दाण्यांचा एक झुपका, घ्यायचं, त्याचं खालचं तूस चिमट्याने सोलायचं आणि भिंगाखाली धरायचं. तुसाचा खांदा उतरता आहे की सरळ, चोच आखूड की लांब, आतल्या बाजूला लव आहे का. मग दुसऱ्या झाडाचं, मग तिसऱ्या. नानांनी तुसं काळ्या पुठ्ठ्यावर दोन रांगांत मांडली होती.

“खांद्यात काही नाही,” ते म्हणाले. “चोचीत थोडं वाटतं, पण ते एकाच वाफ्यात इकडचं तिकडे होतंय. बाई, असं लक्षण लिहू नका. उद्या कोणी दुसऱ्या शेतात पाहिलं तर टिकायचं नाही.”

बरोबर होतं त्यांचं. वर्णनात लिहिलेला प्रत्येक शब्द पुढे परक्या माणसाने, परक्या मातीत पडताळून पाहायचा असतो. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ हॉवर्ड दांपत्याने शतकापूर्वी हिंदुस्थानातले गहू तुसाचा रंग, लव, कुसळं, दाण्याचा रंग अशा गोष्टींवरून वेगळे लावले, ते याच कारणाने. उत्पन्न पावसापाण्याप्रमाणे बदलतं, तुसावरची लव नाही. त्यातले अल्बर्ट हॉवर्ड पुढे १९२४ साली इंदूरलाच आले आणि इथल्या कंपोस्ट खताच्या पद्धतीमुळे जगाला माहीत झाले. गव्हावरचं त्यांचं आणि गॅब्रिएल हॉवर्ड यांचं काम मात्र आता इंदूरकरांनाही फारसं आठवत नाही, याची मला खंत वाटते.

कडेच्या पट्ट्यात युरोपातल्या खऱ्या हिवाळी गव्हाच्या काही ओळी होत्या. नव्याने आलेली मुलं तिथे हटकून थांबतात. आपण गहू रब्बीत पेरतो म्हणून तो हिवाळी, असं त्यांना वाटतं. आपला गहू जातीने वसंती आहे, त्याला थंडीची सक्ती नाही. खऱ्या हिवाळी गव्हाला रोपावस्थेत कित्येक आठवडे शून्य ते दहा अंशांच्या आसपासची थंडी मिळाली नाही तर तो निसवतच नाही. माळव्याच्या थंडीत त्याचं भागत नाही. आमचा गहू पिवळा पडायला आला तरी त्या ओळी जमिनीलगत गवतासारख्या पसरलेल्या होत्या. संकरासाठी त्याची फुलं हवी असतील तर रोपं आधी शीतकपाटात ठेवावी लागतात. खटाटोप खरा, पण फळ देणारा: मेक्सिकोत निघालेल्या ‘वीरी’ वाणांत कावकाझ हा रशियन हिवाळी गहू आणि आपला कल्याणसोना, दोघांचं रक्त आहे.

शेतात काही हाती लागलं नाही तेव्हा मी प्रयोगशाळेत आले. काही गव्हांच्या दाण्यांची साल फिनॉलने काळी पडते, काहींची फिकट राहते; तो फरक पाहायचा होता. मागल्या हंगामाच्या बियाण्यातले दोन्ही वाणांचे शंभर-शंभर दाणे रात्रभर पाण्यात भिजत ठेवले होते. शिवाय नव्या वाणाच्या ज्या ओंब्यांपासून यंदा एकेक ओळ पेरली होती, त्या प्रत्येक ओंबीचे राखून ठेवलेले थोडे दाणेही वेगवेगळे भिजवले होते. काचेच्या बशीत टिपकागद, त्यावर एक टक्का फिनॉल, आणि दाणे चीर खाली करून ओळीने मांडायचे. झाकून, उजेडापासून दूर, चार तास. फिनॉल कातडी भाजतं, म्हणून हातमोजे लागतात आणि त्याचा कार्बोलिक साबणासारखा वास संध्याकाळपर्यंत नाकातून जात नाही.

झाकण काढलं तेव्हा जुना वाण जवळजवळ काळा पडला होता. नवा फिकट तपकिरी. टेबलाच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखू यावा इतका फरक. मी नानांना हाक मारली. ते आले, वाकले, आणि काही न बोलता बोटाने मोजू लागले. नव्या वाणाच्या शंभरात चार दाणे काळे होते.

वेगळेपणा सापडला होता आणि त्याच बशीत एकसारखेपणावर प्रश्न उभा होता. मळणीत जुन्या वाणाचे दाणे मिसळले असतील का? की आपल्याच वाणाच्या काही ओंब्या वेगळ्या आहेत? उत्तर ओंब्यांच्या बशांत होतं. फिनॉलने रंगतं ते दाण्याचं साल, आणि साल ही आईच्या शरीराची असते. त्यामुळे एका ओंबीचे सगळे दाणे एकसारखेच रंगायला हवेत. सरमिसळ झाली असती तर फिकट दाण्यांत एखादाच काळा निघाला असता. आम्ही एकेक बशी उघडत गेलो. दोन ओंब्यांचे झाडून सगळे दाणे काळे, बाकीच्यांचे झाडून सगळे फिकट.

या दोन ओंब्या जुन्या वाणाच्याच तर नसतील? तांबेऱ्याच्या नर्सरीत, जिथे रोग मुद्दाम सोडतात, त्याच ओंब्यांचे दाणे पेरलेले होते. नाना भरउन्हात तिकडे गेले आणि खोडं तपासून आले. शेजारी जुन्या वाणाच्या खोडांवर विटकरी पुळ्या फुटल्या होत्या, या दोन ओळी स्वच्छ. म्हणजे त्या आमच्याच, सख्ख्या बहिणी. फक्त सालीचा गुण त्यांनी जुन्या घरचा उचलला होता.

त्या दोनपैकी एक ओळ अख्ख्या वाफ्यात सगळ्यात देखणी होती. फुटवे भरपूर, ओंब्या टपोऱ्या. सर्व मजुरांत बऱ्हाणपूरकडच्या मावशींना ती फार आवडायची. कापायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, “ताई, हिलाच काढता? हिच्यासारखी दुसरी दाखवा मला.”

मलाही तिला काढणं जड गेलं. पण ती ठेवली असती तर पुढे पैदासकार बियाण्यातून पायाभूत आणि पायाभूतातून प्रमाणित बियाणं होताना तिची भेसळ टनांत मोजावी लागली असती. दोन्ही ओळी कापून वेगळ्या बांधल्या. देखणी ओळ फेकली नाही. ती संकरासाठी वेगळ्या क्रमांकाने ठेवली आहे. शेजारच्या ओळींना मी हात लावू दिला नाही. गव्हाचं फूल बहुतेक उघडायच्या आतच स्वतःच्या परागाने फळतं, त्यामुळे त्यांच्यावर नुसती नजर ठेवायची एवढंच ठरलं.

घरी सासूबाईंना हे सांगितलं. आमच्याकडे वर्षाचा गहू उन्हाळ्यात भरतात, बहुतेक सिहोरकडचा सरबती, आणि नमुना घेताना त्या दुकानदाराला एकच विचारतात: उरलेली कणीक काळी पडते का? फिनॉलची बशी तेच विचारते. सालीतलं जे विकर (एन्झाइम) फिनॉलला काळं करतं, तेच भिजवलेल्या कणकेलाही काळपटवतं. तांबेऱ्यासाठी आणलेल्या दुसऱ्या गव्हाबरोबर हा गुण न मागता आला होता. निवडीच्या वर्षांत आम्ही त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं, आणि वाणाला स्वतःची ओळख मिळाली ती त्याच्यामुळे.

दुसऱ्या दिवशी तक्त्यातल्या फिनॉलच्या रकान्यात मी पेन्सिलीने ‘फिकट’ लिहिलं. एका हंगामाचं निरीक्षण पुरत नाही. उरलेल्या ओळींची कापणी ओळवार झाली आहे, प्रत्येकीचे दाणे नव्या पाकिटांत घातले आहेत, आणि कार्तिकात पेरणीआधी त्यांतला एकेक नमुना पुन्हा बशीत जाईल. शंभरात एकही काळा निघाला नाही तर शाईने लिहीन.