एफवाला प्रोसेसर स्वस्त पडते, पण थांबा

वडसा भागात दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागतो, पुढे शंकरपटही (बैलांच्या शर्यती) असतात. मी मोबाईलवर शूट करतो आणि घरीच एडिट करतो. रात्री त्याच कॉम्प्युटरवर पुतण्याचे गेम चालतात. बजेट कमी, म्हणून प्रोसेसर निवडताना खूप विचार केला आणि इंटेलचा आय५ १२४०० घेतला.

गावातले पोट्टे विचारतात, "दादा, १२४००एफ स्वस्त पडते, तो काहून नाही घेतला?" एफमध्ये स्क्रीनवर चित्र दाखवणारं आतलं ग्राफिक्स नसतं, म्हणजे त्यातलंच व्हिडिओचं काम करणारं क्विक सिंकही नसतं. आजकालचे बरेच मोबाईल एच.२६५ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीत, रेकॉर्ड करतात. ते उलगडायचा भार नुसत्या कोअरवर (प्रोसेसरच्या हिशोब करणाऱ्या भागांवर) पडला की एडिटिंगची टाइमलाइन अडखळते. क्विक सिंक हेच काम वेगळ्या सर्किटकडे देतं. शिवाय ग्राफिक्स कार्ड पुढच्या धानाच्या पैशावर ढकललं, तरी स्क्रीन चालू राहते.

कार्ड घ्यायचंच नसेल, तर एएमडीचा रायझेन ५ ५६००जी पाहा. त्यातल्या व्हेगा ग्राफिक्सवर हलके गेम बरे चालतात. रॅम मात्र ८ जीबीच्या दोन पट्ट्या लावा, एकच लावली तर गेमचा वेग पडतो. पण कार्ड नक्की घेणार असाल, तर साधा ५६०० गेममध्ये सरस: त्याची एल३ कॅशे (प्रोसेसरमधली जलद मेमरी) ३२ एमबी, ५६००जीची १६.

आय३ १२१०० गेमला चालतो. ४ कोअरवर तीन अंकी नाटक एक्स्पोर्ट करायचं, तर मला ते पटत नाही.

उरलेले पैसे आधी यूपीएसला द्या. आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही.